शेवटची थापी

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, एवढी साधी गोष्ट देवसांगवीच्या अभियांत्रिकी कॉलेजात कुणाला सुचली नाही. वैजयंती मगदूम सिंगापुरातल्या आपल्या ऑफिसात बसून पडद्यावर तो सोहळा पाहत होती. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत तिचा भलामोठा फोटो, फोटोला झेंडूचा जाडजूड हार, खाली समई, आणि समईशेजारी टेबलावर एक काळी पेटी. प्राचार्यांनी नारळ फोडला. पाणी पेटीवर उडेल म्हणून कुणीतरी धावत जाऊन तिच्यावर रुमाल टाकला, आणि टाळ्या झाल्या. वैजयंतीलाही हसू आलं. आपल्याच तेराव्याला हजर राहिल्यासारखं वाटतंय, असं ती शेजारच्या सहकाऱ्याला म्हणालीसुद्धा. त्याला तेरावं म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत सोहळा संपला.

पेटीत वैजयंतीचं प्रतिमन होतं. कॉलेजला तिनं दिलेली ती भेट होती.

खरं तर कॉलेजनं मागितलं होतं वेगळंच. कॉलेजनं म्हणजे नलवडे सरांनी. एक सत्र ये, एवढंच ते म्हणत होते. पूर आणि किनारे सांभाळण्याची आखणी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची वैजयंती प्रमुख होती, आणि ती विद्या तिला नलवडे सरांनी दिली होती. सर दर दिवाळीला फोन करायचे. "कधी येतीस गं वैजू? नदी मोजायला पोरं निघालीत." आणि दर दिवाळीला वैजयंती म्हणायची, "विचार करून कळवते, सर." विचार ती खरोखरच करायची, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. कळवायचं तेवढं राहून जायचं.

मग प्रतिमनं निघाली आणि सगळ्यांचीच सोय झाली.

आधीची बोलकी यंत्रं माणसांनी लिहिलेलं वाचून शिकली होती. त्यामुळे ती लिहिल्यासारखीच बोलायची, गोड आणि समजूतदार. माणूस लिहितो एक आणि वागतो दुसरं, ही अडचण त्यांना कुठून कळणार? मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं, की निर्णयाची कारणं आपल्याला सुचतात त्याच्या आधीच मेंदूत तोलून झालेलं असतं. एका पारड्यात काय, दुसऱ्यात काय, जड कोण, हे शब्द फुटायच्या आधी ठरतं. कारणं मागाहून येतात, लग्न ठरून गेल्यावर पत्रिका जुळवाव्यात तशी. हे आधीचं तोलणं टिपणारी जाळीची टोपी निघाली. ती घालून पंधरवडाभर बसायचं. यंत्र तुमच्या आयुष्यातले जुने पेच पुन्हा समोर मांडतं: ही नोकरी की ती, बहिणीचं लग्न की परिषद, वडिलांचं ऑपरेशन की निविदा. जोडीला तुमचा आजवरचा पत्रव्यवहार, तुमचे प्रवास, तुमचं कॅलेंडर. तुम्ही काय धरलंत आणि काय सोडून दिलंत, यावरून तुमच्या मनातल्या प्रत्येक गोष्टीचं वजन निघतं.

ही वजनं एकदा पेटीत गेली, की तिला कुठलाही नवा प्रश्न विचारावा. तुमच्याच आवाजात ती सांगते, तुम्ही काय कराल ते. तुम्ही काय म्हणाल ते नव्हे. काही देशांत लग्नाआधी समोरच्याचं प्रतिमन मागायला बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजावं.

कॉलेजांना मात्र पर्वणीच झाली. नाव काढलेली मुलं शिकवायला परत येत नाहीत, ठीक आहे. त्यांची प्रतिमनं तर येतील. आजच्या मुलानं आपला पेच घेऊन पेटीसमोर बसावं आणि जग जिंकलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा. कॉलेजाकॉलेजांत गुरुदक्षिणा कक्ष निघाले. वैजयंतीनं टोपी घातली, पंधरवडा काढला आणि पेटी देवसांगवीला रवाना केली. त्या दिवशी तिला फार हलकं वाटलं. सोहळ्यानंतर सरांचा फोन आला.

"फोटो झकास आलाय तुझा," सर म्हणाले. "पण पेटीला हात न्हाईत गं. थापी कोण धरणार?"

वैजयंती हसली. सर हसले नव्हते, हे तिच्या पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं.

थापीचं असं होतं. कॉलेजच्या मागं पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि त्या शेडमध्ये हिरणी नदी होती. धरणापासून गावच्या पुलापर्यंतची अख्खी नदी, सिमेंटात, तिच्या वळणांसकट आणि डोहांसकट. उपग्रह वरून पाणी मोजतात, पण गढूळ पाण्याखालचा तळ त्यांना दिसत नाही, आणि वाळू उपसणाऱ्यांमुळे हिरणीचा तळ दरवर्षी बदलायचा. म्हणून दिवाळीनंतर पाणी उतरलं की तिसऱ्या वर्षाची मुलं बांबू घेऊन नदीत उतरायची, जागोजाग तळ मोजायची आणि तेवढाच बदल शेडमधल्या सिमेंटावर थापीनं लिंपून करायची. उन्हाळ्यात त्या नदीत पाणी सोडून बघायचं. ते जिथवर चढेल तिथवर गावातल्या विजेच्या खांबांवर लाल पट्टे ओढायचे. पावसाळ्यात गाव रेडिओपेक्षा त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवी.

यातला शेवटचा तुकडा, दोन ओढे मिळतात तो संगम, कुणा माजी विद्यार्थ्याच्या हातून पुरा करायचा, अशी सरांनी रीत पाडली होती. शेवटची थापी त्याची. कुणी बँकेत चिकटलेला यायचा, कुणी बांधकामावरून धुळीनं माखलेला. वैजयंतीची पाळी मात्र दरवर्षी पुढं जात होती. ती नाही आली की संगम दुसरं कुणी करायचं, पण दरवर्षी आधी तो तिच्याच नावानं राखला जाई, कारण विद्यार्थिनी असताना खऱ्या नदीच्या त्याच संगमात ती वाहून चालली होती आणि सरांनी तिला वेणी धरून बाहेर ओढलं होतं. सरांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. वैजयंतीनं त्यानंतर वेणी घातली नाही, पण विसरलीही नाही.

पेटीला दोन वर्षं होऊन गेली आणि त्या वर्षी सरांचा फोन दिवाळी उलटून गेल्यावर पुन्हा आला.

"रुक्साना चाललीय," ते म्हणाले.

रुक्साना शिकलगार ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. गावात तिच्या अब्बांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. सर निवृत्त झाल्यावर तीच त्या कॉलेजात प्राध्यापक झाली आणि शेड तिनं अंगावर घेतली. ती गेली तर शेडला कुणी वाली नव्हता. प्राचार्यांना तिथं सभागृह हवंच होतं.

"कुठं चाललीय?" वैजयंतीनं विचारलं.

"तुझ्याकडंच. तुझ्या कंपनीत. अर्ज करू का, म्हणून तिनं तुझ्या पेटीला विचारलं, पेटी म्हणाली जा." सरांना धाप लागली होती. "याच्या आधी हुशार हुशार पोरं गेली, मी काही बोललो न्हाई. वय असतं. पण ही थांबणार होती गं. ये की एकदा. तू सांगितलंस तर ऐकेल. आणि हे बघ, नेमणुकीवर तुझी सही लागते म्हणे. ती अडवू नकोस. अडवून ठेवलेली पोरगी मला नको. नुसतं समजावून बघ."

या वेळी वैजयंती "विचार करते" म्हणाली नाही. ती आली.

शेडमध्ये सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. तिला पाहून ते उठू लागले, आणि तिनं खाली वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यावर नीट पडेना. नदीची सगळी वळणं नव्यानं लिंपून झाली होती. संगम तेवढा मोकळा होता, खडबडीत, गेल्या वर्षीचा.

"तुझा तुकडा ठेवलाय," सर म्हणाले. "आधी तिच्याशी बोल. मी घरी जातो. म्हातारं माणूस समोर असलं की पोरं खरं बोलत न्हाईत."

रुक्साना सलवार दुमडून, अनवाणी, नदीच्या पात्रात उकिडवी बसून तडे भरत होती. वैजयंतीला पाहून ती उठली, हात पुसले, आणि एकदम म्हणाली, "तुमचा आवाज अगदी तसाच आहे, मॅडम."

"कुणासारखा?"

"पेटीसारखा."

वैजयंतीनं सगळं सांगितलं. ही शेड म्हणजे काय आहे, सिंगापुरात असं काम करायला कसं मिळत नाही, तिथं नदी म्हणजे नुसते आकडे, चिखलाला हात लागत नाही, सरांचं वय झालंय, गावाला तुझी गरज आहे. ती चांगलं बोलली. बोलणं हा तिचा धंदाच होता. रुक्सानानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरोबर आहे सगळं," शेवटी ती म्हणाली. "मीही पेटीला हेच म्हटलं होतं. आई-अब्बा इथं, सर इथं, नदी इथं, आणि तिकडं मोठं काम. काय करू? पेटी क्षणभरही थांबली नाही, मॅडम. म्हणाली, जा. सर रागावणार नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, त्यावरच तर आपण आजवर जगलो."

वैजयंतीच्या कानशिलांशी ऊन लागल्यासारखं झालं. हे वाक्य ती कुणाजवळ बोलली नव्हती. स्वतःजवळसुद्धा नाही.

"ती पेटी आहे, रुक्साना. मी तुझ्यासमोर उभी आहे. मी सांगतेय, थांब."

"तुम्ही थांबाल?"

"म्हणजे?"

"एक वर्ष. एकच. तुम्ही एक वर्ष या शेडमध्ये थांबा, मी जन्मभर थांबते." ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. "मला एवढंच बघायचंय मॅडम, की ज्याला जाता येतं असा माणूस इथं थांबू शकतो का. सर थांबले, पण त्यांना बाहेरचं कधी कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही थांबलात तर मला कळेल की हे थांबण्यासारखं आहे."

"विचार करून..." वैजयंती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "उद्या सकाळी सांगते."

रुक्साना तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा तड्यांकडे वळली.

दुपारी वैजयंती ग्रंथालयाकडे गेली. गुरुदक्षिणा कक्षात कुणी नव्हतं. फोटोवरचा हार आता प्लॅस्टिकचा होता. ती मुलांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली, आणि आपण आपल्याच समोर हात जोडून बसल्यासारख्या बसलो आहोत हे जाणवून तिनं हात सोडवून घेतले.

"मी वैजयंती मगदूम," ती म्हणाली. "मी एक वर्ष इथं थांबेन का?"

"नाही," पेटी म्हणाली. आवाज तिचाच, पण तिच्यापेक्षा शांत.

"सरांनी मला नदीतून ओढून काढलंय."

"ते धरलेलं आहे. त्याचं वजन फार मोठं आहे. कुठल्याही पेचात ते पारडं खाली जातंच. दुसरं त्याहून खाली जातं, इतकंच."

"दुसऱ्यात असतं काय?"

"दरवेळी वेगळं असतं. नसलं तर आपण काहीतरी ठेवतो."

वैजयंतीला आणखी एक प्रश्न विचारायचा होता: थांबणार नाही, तर मग मी करीन काय? तो ओठांवर आला होता. तो न विचारताच ती उठली.

बाहेर गाडी उभी होती. गाडीत बसून तिनं फोन काढला. बरेच संदेश होते, त्यांत मंजुरीसाठी थांबलेल्या नेमणुकांची यादी होती. शिकलगार, रुक्साना. शेजारी दोन चौकोन, हिरवा आणि लाल. सरांचे शब्द तिला आठवत होते, आठवत नव्हते असं नाही. पण सर हळवे झालेत. मुलगी हट्टी आहे. आज चिडेल, वर्षभरात विसरेल, आणि शेड वाचेल. सरांना आयुष्यात काहीतरी मिळायला नको का? तिनं लाल चौकोनावर बोट ठेवलं. आणि पेटी पाठवली त्या दिवशी वाटलं होतं तसं हलकं, अगदी मोकळं वाटलं.

संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली.

"सर, ती थांबेल."

"काय म्हणतीस!" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "कशी वळवलीस?"

"समजावलं."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. काकूंना हाका मारून त्यांनी चहा टाकायला लावला, पथ्य मोडून साखर घालायला सांगितली, आणि "आमची वैजू कशी, बघितलंस का" असं दोनदा म्हणाले. मग कोनाड्यातली थापी काढून त्यांनी वैजयंतीच्या हातात दिली. लाकडी मूठ हातांनी घासून गुळगुळीत झालेली.

"सकाळी सिमेंट कालवून ठेवायला सांगतो. संगम करून टाक."

"सकाळी विमान आहे, सर. आत्ताच निघायला लागेल." रुक्सानाला सकाळी उत्तर द्यायचं आहे, हे तिला आठवलं. पण आता त्या उत्तराची गरज उरली नव्हती. "पुढच्या दिवाळीला नक्की येते."

सरांनी थापी परत घेतली. आजच्या आनंदात त्यांना कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

"बरं बरं. विचार करून कळव," ते म्हणाले, अगदी प्रेमानं.

आठवड्याभरानं सिंगापुरात रुक्सानाचा फोन आला. मागं वाहनांचे आवाज होते.

"मी मुंबईला निघालेय, मॅडम. नेदरलँड्सच्या एका कंपनीनं घेतलंय. मागंच बोलावलं होतं त्यांनी, मी तुमच्याकडे यायचं म्हणून नाही म्हटलं होतं. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

वैजयंती म्हणाली, "पण तू तर..."

"मी थांबणार होते," रुक्साना म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी 'विचार करून' म्हणालात आणि जीभ चावलीत ना, ते बघून. मला वाटलं, ही बाई थांबणार नाही, पण हिला लाज वाटतेय. म्हणजे इथं लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे. घरी जाऊन अब्बांना सांगितलं, मी जात नाही. तुमच्या कंपनीला नकार लिहून ठेवला, सकाळी तुम्हाला दाखवून पाठवणार होते. त्याआधीच तुमचा नकार आला."

"रुक्साना, कंपनीत पुष्कळ गोष्टी असतात..."

"असतील की. मी पेटीला विचारलं, मला का नाकारलं असेल? ती म्हणाली, कंपनीनं काय केलं ते मला माहीत नाही. पण मी असते तर मीच अडवलं असतं. सरांना काहीतरी द्यायचं राहिलं होतं, आणि स्वतःला देण्यापेक्षा तुला देणं सोपं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी काय शाल आहे का मॅडम, सरांच्या खांद्यावर घालायला? मी माझी थांबले असते. तुम्ही बांधून ठेवलंत, मग कशी थांबू?"

वैजयंती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली समुद्र होता, तिच्या भिंतींनी छान अडवलेला.

"सर?" तिनं विचारलं.

"सरांना मी जाते एवढंच सांगितलं. तुमचं काही सांगितलं नाही. म्हातारपणी त्यांना अजून काय काय सोसायला लावायचं? त्यांना वाटतंय, तुम्ही मला वळवलं होतं आणि मीच उलटले. माझ्याशी बोलले नाहीत ते. मी पाया पडले तर पाय मागं घेतले." गाडीचा भोंगा वाजला, तो संपेपर्यंत ती थांबली. "पहिल्यांदा रागावले, मॅडम. आणि माझ्यावर."

"तुम्ही सांगाल त्यांना खरं?" रुक्सानानं विचारलं.

वैजयंतीनं तोंड उघडलं. शब्द तयार होते, जिभेवर होते, आयुष्यभर होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले.

"राहू द्या," रुक्साना म्हणाली. "पेटीला विचारते मी."

फोन बंद झाला. वैजयंतीनं सरांचा नंबर काढला. देवसांगवीत आता दुपार असेल, सर शेडमध्ये एकटेच खुर्चीत बसले असतील, समोर खडबडीत संगम. एकच वाक्य सांगायचं होतं. ती नंबराकडे बघत बसली. पेटी काय उत्तर देईल ते तिला ठाऊक होतं. ते खोटं पाडायला एका बोटाचं काम होतं, आणि त्या क्षणी ते आपल्या हातात आहे असं तिला खरोखरच वाटलं.

दार ढकलून सहकाऱ्यानं डोकं आत घातलं. मीटिंगला सगळे जमले होते.

"येतेस ना?"

"आले," वैजयंती म्हणाली, आणि फोन टेबलावर पालथा ठेवून लगेच उठली.